रीटचा भाव रास्त आहे की नाही, हे कसं तपासायचं?

सेबीने 1 जानेवारी 2026 पासून म्युच्युअल फंडांच्या हिशेबात रीटची, म्हणजे भाड्याच्या मोठ्या इमारती धरणाऱ्या ट्रस्टांची, गणना इक्विटीत (शेअरांच्या गटात) करायचं ठरवलं, आणि तोवर फारसं कानावर न येणारं हे नाव गुंतवणुकीच्या गप्पांत येऊ लागलं. नाशिकमध्ये तर ते येणारच. सरकारी प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्यांचा फंडाचा पैसा असो किंवा द्राक्षबागेतली शिल्लक, इथे ती बहुधा प्लॉट, रो हाउस नाहीतर गाळ्यात जाते. 2027च्या सिंहस्थाच्या तोंडावर जागांच्या भावाची चर्चाही जोरात आहे. अशा वेळी कोणी सांगतं, "चारशे रुपयांत बीकेसीतल्या ऑफिसचं भाडं खा," तेव्हा साहजिक प्रश्न पडतो की हे चारशे रुपये योग्य आहेत का.

या प्रश्नाला उत्तर आहे. त्यासाठी चार-पाच आकडे आणि साधा भागाकार पुरतो. फक्त कोणता आकडा कशाने भागायचा आणि त्यावर किती विसंबायचं, हे कळायला हवं.

आधी रचना

रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींची मालकी असलेला ट्रस्ट. या मालकीचे लहान भाग पाडलेले असतात, त्यांना युनिट म्हणतात, आणि ती शेअरसारखी बाजारात विकली जातात. 2021च्या नियमबदलानंतर एक युनिटही घेता येतं. इमारती ज्याने ट्रस्टला दिल्या तो प्रायोजक, रोजचा कारभार पाहणारा तो व्यवस्थापक, आणि युनिटधारकांच्या वतीने देखरेख करणारा तो विश्वस्त.

सेबीच्या 2014च्या नियमांनी तीन गोष्टी बांधून दिल्या आहेत. मालमत्तेच्या मूल्यापैकी किमान 80 टक्के पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या इमारतींत हवं. वाटपायोग्य रोख रकमेपैकी किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. आणि कर्ज मालमत्तेच्या 49 टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

भारतात एम्बसी 2019मध्ये 300 रुपयांना बाजारात आला, माइंडस्पेस 2020मध्ये आणि ब्रुकफील्ड 2021मध्ये प्रत्येकी 275ला, मॉलवाला नेक्सस 2023मध्ये 100ला आणि नॉलेज रिअल्टी 2025मध्ये 100ला. 100चं युनिट 300च्या युनिटपेक्षा स्वस्त असतं असं नाही. एकूण मूल्याचे किती तुकडे केले, एवढंच त्या आकड्यावरून कळतं.

एका गाळ्याचा हिशेब

समजा कॉलेज रोडवर एक गाळा आहे, भाडं महिना 40,000. वर्षाचे झाले 4 लाख 80 हजार. त्यातून घरपट्टी, देखभाल, विमा आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे दिवस धरून 60,000 गेले. निव्वळ उरलं 4 लाख 20 हजार.

या गाळ्याचे किती द्यावेत? अशा गाळ्यावर बाजारातला गिऱ्हाईक वर्षाला 6 टक्के निव्वळ भाड्यावर समाधान मानत असेल, तर 4.2 लाख भागिले 0.06, म्हणजे 70 लाख. तो 7 टक्के मागू लागला तर 60 लाख, आणि 8 टक्के मागितले तर साडेबावन्न लाख. भाडं तेच, भाडेकरू तोच, तरी किंमत 70वरून साडेबावन्नवर आली.

या टक्केवारीला कॅप रेट म्हणतात: वर्षाचं निव्वळ भाडं भागिले किंमत. कॅप रेट कमी तेवढी जागा महाग, जास्त तेवढी स्वस्त. हा दर व्याजदर, भाडेवाढीची आशा आणि भाडेकरू जाण्याची भीती यांवरून ठरतो. रीटच्या भावावरचे बहुतेक मतभेद अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या या फरकावरचे असतात.

आता गाळ्यावर 21 लाखांचं कर्ज आहे असं धरू. 70 लाखांच्या किमतीला मालकाचे स्वतःचे 49 लाख. कॅप रेट 7 झाला की किंमत 60 लाख आणि मालकाचा हिस्सा 39 लाख. गाळा 14 टक्क्यांनी उतरला, मालकाचा हिस्सा मात्र 20 टक्क्यांनी आटला.

ट्रस्टचा तोच हिशेब: एनएव्ही

खालचे आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण खऱ्या ट्रस्टांच्या जवळचं आहे. एका ट्रस्टचं वर्षाचं निव्वळ भाडं 1,600 कोटी. मूल्यांकनकाराने इमारतींची किंमत 20,000 कोटी धरली, म्हणजे 8 टक्के कॅप रेट. कर्ज, हातातली रोकड वजा करून, 6,000 कोटी. उरलेले 14,000 कोटी युनिटधारकांचे. युनिटं 35 कोटी. भागाकार केला की युनिटमागे 400 रुपये. हे निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही.

आता कॅप रेट फक्त अर्धा टक्का वाढवून 8.5 करा. इमारती 18,824 कोटींच्या होतात, कर्ज वजा जाता 12,824 उरतात आणि एनएव्ही 366वर येतो. अर्ध्या टक्क्याने 34 रुपये गेले. म्हणून अहवालात एनएव्ही पैशांपर्यंत छापलेला असला, तरी तो आजूबाजूच्या तीस-चाळीस रुपयांच्या पट्ट्यासकटच वाचावा.

मूल्यांकनकार प्रत्यक्षात असा एका ओळीचा भागाकार करत नाही. तो साधारण दहा वर्षांचं भाडं करारागणिक मांडतो, ते आजच्या किमतीत आणतो आणि शेवटच्या वर्षी इमारत एका कॅप रेटने विकली असं धरतो. पण त्या शेवटच्या विक्रीचा वाटा एकूण मूल्यात मोठा असतो. त्यामुळे कॅप रेटचं वर्चस्व तिथेही राहतंच.

मूल्यांकन वर्षातून एकदा पूर्ण होतं आणि सहामाहीला अद्ययावत केलं जातं. अहवाल जाहीर असतो. त्यात प्रत्येक इमारतीसाठी धरलेला कॅप रेट, सवलत दर (पुढचं भाडं आजच्या किमतीत आणायचा दर), भाडेवाढ आणि रिकाम्या जागेचं प्रमाण दिलेलं असतं. वार्षिक अहवालातली चकचकीत पानं सोडून आधी हा तक्ता वाचावा.

उलटा हिशेब: भावात कोणता दर दडलाय?

मूल्यांकनकाराचं मत बाजूला ठेवून बाजाराचं मत काढता येतं, आणि माझ्या मते रीट तपासण्याचं हेच सर्वांत उपयोगी साधन आहे.

समजा युनिटचा भाव 360 आहे. 35 कोटी युनिटांचे 12,600 कोटी. त्यात 6,000 कोटींचं कर्ज मिळवा: 18,600 कोटी. सगळा ट्रस्ट कर्जासकट घ्यायचा तर एवढे लागतील. 1,600 भागिले 18,600 म्हणजे 8.6 टक्के. बाजार या इमारतींना 8.6 टक्के कॅप रेट लावतोय. भाव 440 असता तर एकूण 21,400 कोटी आणि दर साधारण 7.5 टक्के आला असता.

मग विचारायचा प्रश्न असा: या दर्जाच्या, या शहरांतल्या इमारती सध्या कोणत्या दराने विकल्या जाताहेत? ट्रस्टांनी स्वतः अलीकडे काय दराने खरेदी केली, तेही त्यांच्या घोषणांतून कळतं. प्रत्यक्ष व्यवहार 8 टक्क्यांनी होत असतील आणि युनिटच्या भावात 8.6 दडलेला असेल, तर भाव खालच्या बाजूला आहे.

यात एक चूक सर्रास होते. 20,000 कोटींत 1,000 कोटींच्या इमारती अजून बांधकामात असतील, तर त्या भाडं देत नाहीत. त्या दोन्हीकडून वजा करायला हव्यात. तसं केलं की मूल्यांकनकाराचा दर 8.4 आणि बाजाराचा 9.1 येतो. हे न करता एका ट्रस्टची दुसऱ्याशी तुलना केली, तर बांधकाम जास्त असलेला ट्रस्ट विनाकारण महाग भासतो.

दुसरी चूक भाड्याच्या आकड्यात होते. कधी वर्षाअखेरीस एखादी मोठी इमारत विकत घेतलेली असते. तिचं कर्ज पूर्ण दिसतं, भाडं मात्र दोनच महिन्यांचं जमा झालेलं असतं. म्हणून ताज्या तिमाहीचं भाडं चौपट करून पाहावं, आणि त्या तिमाहीत एकदाच आलेली रक्कम असेल तर आधी काढून टाकावी.

वाटप सहा टक्के, पण कशाचं?

ट्रस्टच्या 1,600 कोटींतून व्याजाचे 480 गेले. कर, व्यवस्थापन शुल्क, दुरुस्ती आणि इतर खर्चाचे 280 गेले. उरलेल्या 840 कोटींचं वाटप झालं, युनिटमागे 24 रुपये. 400च्या भावाला हा परतावा 6 टक्के.

हे 24 रुपये एकाच प्रकारचे नसतात. समजा त्यात 9 व्याज, 7 लाभांश आणि 8 कर्जपरतफेड आहे. ट्रस्ट आपल्या इमारती धरून असलेल्या कंपन्यांना कर्ज देतो. त्या कंपन्या व्याज देतात, लाभांश देतात आणि मुद्दलही फेडतात. ते पुढे आपल्याकडे येतं. व्याजावर आपल्या स्लॅबनुसार कर लागतो. लाभांश करमुक्त असतो, पण खालच्या कंपनीने सवलतीचा कॉर्पोरेट कर निवडलेला नसेल तरच. परतफेडीचा भाग हाती आला तेव्हा सहसा कर लागत नाही, मात्र तेवढी आपली खरेदी किंमत कमी धरली जाते: 400ला घेतलेलं युनिट हिशेबात 392चं होतं आणि विकताना नफा वाढतो.

हे 8 रुपये उत्पन्न म्हणावेत की आपलंच मुद्दल परत आलं म्हणावं? ते पैसे कुठून आले यावर अवलंबून आहे. भाड्यातून आले असतील तर चिंता नाही. नवं कर्ज काढून वाटले असतील, तर आजचं वाटप उद्याच्या वाटपातून कापलं जातंय. दर वाटपासोबत रोखीचा तक्ता येतो आणि 1 एप्रिल 2024पासून सेबीने त्याचा साचा सगळ्यांना सारखा केलाय. वाटप आणि एकूण कर्ज दोन्ही वर्षागणिक वाढताहेत, पण नवी इमारत आलेली नाही, असं दिसलं तर थांबून कारण शोधावं.

पीई इथे का चालत नाही

शेअरची सवय असलेले लगेच पीई, म्हणजे भाव भागिले नफा, पाहतात. रीटमध्ये तो 60, 80 असा भयंकर दिसू शकतो. कारण हिशेबाच्या नियमाने इमारतीचा दरवर्षी घसारा वजा होतो, पण त्यासाठी खिशातून पैसा जात नाही. नफा कागदावर लहान होतो, रोकड तशीच राहते. म्हणून भाव नफ्याने न भागता युनिटमागच्या वाटपायोग्य रोकडीने भागावा.

भाडं टिकेल का?

वरचा सगळा हिशेब 1,600 कोटी येत राहतील या एका गृहीतकावर उभा आहे. त्यामुळे खरा वेळ इथे घालवायचा.

पहिला आकडा म्हणजे भरलेल्या जागेचं प्रमाण. ट्रस्ट बहुतेकदा करार झालेली जागा सांगतात. त्यातल्या काही भाडेकरूंचं भाडं अजून सुरू व्हायचं असतं, कारण फर्निचरसाठी सुरुवातीचे काही महिने माफ असतात. 91 टक्के करार आणि 86 टक्के प्रत्यक्ष भाडं हा फरक चांगला की वाईट? भाव आजच्या भाड्यावर तपासत असाल तर तो पुढची जमेची बाजू आहे. पण मूल्यांकनात तो आधीच धरलेला असतो, म्हणून दोनदा मोजू नये.

दुसरा आकडा करारांचा सरासरी उरलेला काळ. समजा तो सात वर्षांचा छापलाय. आपल्याकडच्या ऑफिस करारांत भाडेकरूला सहसा तीन ते पाच वर्षांच्या लॉक-इननंतर (जागा सोडता न येण्याच्या काळानंतर) नोटीस देऊन जाता येतं, मालकाला मात्र मुदतीपर्यंत काढता येत नाही. म्हणजे सातातली खात्रीची वर्षं कमी असू शकतात. पुढच्या दोन वर्षांत किती टक्के भाड्याचे करार संपतात आणि पहिल्या दहा भाडेकरूंकडून किती भाडं येतं, हे दोन आकडे सरासरीपेक्षा जास्त सांगतात.

तिसरा मुद्दा आजचं भाडं आणि बाजारभाव यांतला फरक. करारात चौरस फुटाला 75 रुपये आणि शेजारच्या इमारतीत 90 मिळत असतील, तर 20 टक्के वाढ दबलेली आहे. ती मिळणार करार संपल्यावरच, तेही भाडेकरू राहिला किंवा पटकन नवा मिळाला तर. बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, नोएडा इथलं भाडं एकसारखं हलत नाही, त्यामुळे ही तुलना शहरागणिक करावी, सरासरीवर नको.

करारातली ठरलेली वाढही पाहावी. दर तीन वर्षांनी 15 टक्के ही नेहमीची अट, वर्षाला साधारण 4.8 टक्के पडते. मॉलमध्ये वेगळं गणित आहे. तिथे किमान भाड्याशिवाय दुकानाच्या विक्रीतला हिस्साही मिळतो, त्यामुळे ग्राहकांचा खर्च आटला की फटका लवकर बसतो.

ऑफिसवाल्यांमध्ये सेझचं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचं, प्रकरण समजून घ्यायलाच हवं. सेझमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांची आयकर सवलत 2020मध्ये संपली. नव्या भाडेकरूंना तिथे येण्याचं कारण उरलं नाही आणि मजले रिकामे पडले. डिसेंबर 2023मध्ये मजलानिहाय सेझमधून बाहेर पडायची मुभा मिळाली आणि ती जागा पुन्हा भाड्याने जाऊ लागली. एखाद्या ट्रस्टची रिकामी जागा मुख्यतः सेझमध्येच असेल, तर तिच्याकडे मागणीच नसलेली जागा म्हणून पाहू नये. पण मजला मोकळा करायला वेळ आणि खर्च दोन्ही लागतात.

कर्ज आणि नवी युनिटं

आपल्या ट्रस्टचं कर्ज मालमत्तेच्या 30 टक्के आहे. 25 टक्क्यांवर गेलं की पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते. यापेक्षा महत्त्वाचं, किती कर्ज बदलत्या दराचं आहे आणि किती पुढच्या वर्षी फेडायचंय. सगळं बदलत्या दराचं असेल तर व्याज एक टक्का वाढल्यावर 60 कोटी जास्त जातील, म्हणजे युनिटमागे 1 रुपया 70 पैसे. 24मधले तेवढे बरेच आहेत.

नवी युनिटं काढून इमारती घेणं हा या क्षेत्राचा नेहमीचा मार्ग. बातमीत ट्रस्टचा आकार वाढल्याचं कौतुक असतं, पण युनिटमागचं काय? समजा 5 कोटी नवी युनिटं 400ला विकून 2,000 कोटींची इमारत घेतली. तिचं निव्वळ भाडं 130 कोटी, खर्च जाता वाटायला 115. आता 840 अधिक 115 म्हणजे 955 कोटी, 40 कोटी युनिटांत. युनिटमागे 23 रुपये 88 पैसे. ट्रस्ट मोठा झाला, आपला वाटा घटला, कारण साडेसहा टक्क्यांची इमारत आठ टक्क्यांच्या ट्रस्टने महाग घेतली. विकणारा प्रायोजकच असेल तर दोन स्वतंत्र मूल्यांकनं लागतात आणि त्या ठरावावर त्याला मत देता येत नाही. आपल्याला मात्र देता येतं. मतदानाचा ईमेल उघडावा.

"एनएव्हीच्या खाली मिळतंय, मग स्वस्तच ना?"

नेहमीच नाही. एनएव्ही सहा महिने जुना असू शकतो. ट्रस्टच्या इमारती विकून आपल्याला कोणी पैसे वाटणार नाही. व्यवस्थापनाचं शुल्कही दरवर्षी जाणार आहे. त्यामुळे पाच-सात टक्के सूट असली तर त्यात विशेष काही नाही. सूट पंधरा-वीस टक्के असेल तर एकतर संधी आहे, नाहीतर बाजाराला असं काहीतरी दिसतंय जे अजून अहवालात आलेलं नाही: मोठा भाडेकरू जाण्याच्या बेतात, महागडी खरेदी, प्रायोजकाची युनिटविक्री. एनएव्हीच्या वरचा भावही आपोआप चुकीचा ठरत नाही. भाड्यात दबलेली वाढ मोठी असेल तर तो रास्त असू शकतो.

"एफडीपेक्षा थोडंच जास्त, मग कशाला?"

तुलना कर भरून करावी. 31.2 टक्के कर भरणाऱ्याला 7 टक्क्यांच्या एफडीतून 4.8 उरतात. आपल्या उदाहरणात 24पैकी 9 रुपयांच्या व्याजावर कर जाऊन साधारण 21 रुपये 20 पैसे, म्हणजे 5.3 टक्के उरतात. फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि एफडीचं मुद्दल हलत नाही. तेवढ्यासाठी रीट घेण्यात अर्थ नाही. तो घ्यायचा तर भाडेवाढीसाठी.

ती वाढ किती धरायची, यावर भाव कसा फिरतो ते पाहा. केंद्र सरकारच्या 10 वर्षांच्या रोख्यावर साडेसहा-सात टक्के मिळत असतील, तर रीटकडून जोखमीपोटी 10 टक्के मागणं वाजवी आहे. वाटप कायम 4 टक्क्यांनी वाढणार असेल तर रास्त भाव 24 भागिले (10 वजा 4) टक्के, म्हणजे 400. वाढ 3 धरली तर 343. 5 धरली तर 480. म्हणजे 480 देणाऱ्याने भाडेकरार, व्याज आणि रिकामी जागा सगळं मनासारखं होईल असं गृहीत धरलंय. करारातली 4.8 टक्के वाढ वाटपापर्यंत पूर्ण पोचत नाही, वाटेत दुरुस्ती, दलाली आणि व्याज असतं. म्हणून मी 4च्या वर जायला फार सबळ कारण मागेन.

"त्यापेक्षा आपला गाळाच बरा नाही का?"

गाळा आपल्या डोळ्यांसमोर असतो, भाडेकरू ओळखीचा असतो, आणि रोज त्याचा भाव कोणी सांगत नाही. या खऱ्या सोयी आहेत. पण भाव रोज सांगितला जात नाही म्हणजे तो हलत नाही असं नाही. साडेबावन्न लाखांचं गिऱ्हाईक आलं की तो कळतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि विकायला लागणारे महिने हिशेबात धरा. भाडेकरू एकच असतो, तो गेला की त्या महिन्याचं भाडं शून्य.

हीच जोखीम छोट्या रीटमध्येही आहे. 2024पासून 50 ते 500 कोटींच्या मालमत्तांसाठी ही वेगळी सोय आहे, किमान गुंतवणूक 10 लाख. तिथे बहुधा एक-दोन इमारती आणि मोजके भाडेकरू असतात. त्यामुळे मोठ्या ट्रस्टच्या कॅप रेटशी तुलना करून "स्वस्त" म्हणू नये. अशा योजनेत 9 टक्क्यांचा आकडा दिसला तर भाडेकराराची प्रत मागून लॉक-इन कधी संपतो ती तारीख पाहावी, आणि त्यानंतरचं एक वर्ष इमारत रिकामी धरून भागाकार पुन्हा करावा.